एका खळ्याचं भात

"एवढंसं खळं, त्यात दोन घरांचं भात. माणसानं पाय टाकायचा तरी कुठं?" सविता सारवता सारवता पुटपुटली. स्वतःशीच, पण शेजारी उकिडव्या बसलेल्या थोरल्या जावेच्या, भागीबाईच्या, कानात बरोबर पडेल एवढ्या बेतानं.

खळं होतं तेवढंच होतं. सुरगाण्याच्या डोंगरातल्या या पाड्यावर दोघी लग्न होऊन आल्या, तेव्हापासून दोन्ही भावांचं भात इथंच झोडलं जायचं. श्रावणात भागीबाईचा नवरा काशिनाथ गेला. त्या दिवसाबद्दल मात्र घरात कुणी चकार शब्द काढला नव्हता. ढगांबद्दल बोलायचे, मेलेल्या म्हशीबद्दलसुद्धा हळहळायचे.

धाकटा दीर, सविताचा नवरा चंदर, कोंबडा काखेत घेऊन आला. मळणीआधी तो कणसरीमायला, धान्याच्या देवीला, द्यायचा, दोन्ही घरांनी त्याला कुंकू लावायचं, ही रीत. काशिनाथ आणि भागीबाई येशूच्या प्रार्थनेला जायला लागल्यापासून त्यांच्या वाटचं कुंकू चंदरच गुपचूप लावून टाकायचा. यंदा पाड्यानं त्याला दम भरला होता: तिनं स्वतःच्या हातानं लावलं पाहिजे, नाहीतर तुझ्याही मळणीला कुणी येणार नाय.

"वयनी, नुसतं बोट टेकव. मनात कोण हाय ते कोण बघतंय?"

"मी बघते ना, भाऊजी."

"लय हट्टी हायस."

"तुमचा भाऊपण हेच म्हणायचा."

भावाचं नाव निघाल्याबरोबर सविता चुलीवर काहीतरी ठेवलंय म्हणून उठली. चूल पेटलेलीच नव्हती.

"मग तुझं भात उचल इथनं," चंदर कोंबड्याकडं बघत म्हणाला.

आभाळ भरून आलं होतं. भात भिजलं की कोंब फुटणार, वर्षाचं खाणं जाणार. एक बोट टेकवायचा काय तो प्रश्न. क्षणभर तिचा हात पुढं झालासुद्धा. मग तो तिनं पदराखाली घेतला. "बापा, धरून ठेव मला," एवढीच प्रार्थना तिनं केली आणि डोक्यावर चुंबळ ठेवली.

पण भारा काही एकटीनं डोक्यावर चढत नाही. गुडघा लावून तिनं तो पोटापर्यंत आणला, घसरला. पुन्हा आणला, दाणे सांडले. हाक मारायला जवळ एकच माणूस होतं, आणि त्यानंच तिला हुसकलं होतं.

"भाऊजी, जरा हात लावा."

चंदरनं कोंबडा सोडून दिला. तो कुंपणापलीकडं पळाला, तरी दोघांनी तिकडं पाहिलं नाही. त्यानं भारा उचलून तिच्या डोक्यावर ठेवला, पण हात काही काढेना. लोंबत्या पेंढ्यांआडून तिला त्याचं तोंड दिसत नव्हतं. म्हणूनच त्याला बोलायला जमलं असावं.

"वयनी, दादाला खांदा द्यायला मी आलो नाय. पाड्याला भिऊन दार लावून आत बसलो होतो."