हिरूचा मिटलेला श्वास

मित्रांनो, मला स्वतःचा श्वास नाही. मी तलासरीच्या डोंगराकडल्या एका पाड्यावरचा जुना तारपा आहे. वाळलेल्या भोपळ्याचे माझे पोट, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा लांब कर्णा. हिरूने मला घडवले आणि त्याच्याच श्वासावर मी वीस वर्षे वाजलो. भातकापणीनंतर माणसे एकमेकांच्या कमरेत हात घालून आमच्याभोवती फिरत, तेव्हा सारा पाडाच धुक्यात तरंगतो आहे असे मला वाटे.

गेल्या हिवाळ्यात हिरू चिखले गावच्या वाडीत चिकू काढताना शिडीवरून पडला. बरगडीला मुका मार लागला. श्वास घेतला की कळ येई, म्हणून तो अर्धाच श्वास घेऊ लागला. खोकलाही दाबून ठेवी.

पाचव्या दिवशी त्याने मला खुंटीवरून काढून ओठांना लावले. एक बारीक सूर निघाला आणि तुटला. मी त्याच्या छातीला टेकलो होतो. अंग तापले होते. छातीची एक बाजू हलत होती, दुसरी जणू झोपली होती.

त्याची बायको कमळी दारातून पाहत होती.

"चल, दवाखान्यात जाऊ."

"हाड कुठं मोडलंय? होईल बरं."

"एवढं बोलताना दोनदा थांबलास तू!"

तिने पाड्यावरच्या मनीषची रिक्षा बोलावली आणि त्याला डहाणूला नेले. सहा दिवस माझ्यात नुसता वारा शिरत होता. त्याला सूर नव्हता.

परतल्यावर कमळीने छातीचा एक्स-रे उन्हात धरून शेजारच्या पुष्पाला दाखवला. "हा खालचा भाग बघ. पुरता श्वास घेतला नाही, कफ अडकला, नि फुप्फुस इथं मिटलं. मी घाबरून विचारलं, 'मेला का तो भाग?' डॉक्टरबाई म्हणाल्या, 'नाही, मिटलाय. उघडेल. पण अजून थांबला असतात तर जिवावर बेतलं असतं.'"

दुखणे कमी करायच्या औषधांसोबत डॉक्टरबाईंनी चेंडूसारख्या तीन गोळ्यांचे एक प्लास्टिकचे यंत्र दिले होते. श्वास आत ओढला की गोळ्या वर चढत. हिरू रोज माझ्या खुंटीखाली बसून श्वास ओढायचा. आधी एकच गोळी हलली. उशी छातीशी धरून तो खोकायचा, अंगणात चालायचा. मी आजवर बाहेर येणारा श्वासच ओळखत होतो. आत जाणाऱ्या श्वासाला किती कष्ट पडतात, ते तेव्हा कळले. महिन्याने पुन्हा एक्स-रे काढला, आणि डॉक्टरबाईंनी हिरूला मला वाजवायची परवानगी दिली.

परवा हिरू वाजवत असताना पुष्पा बरगडी धरून आली. ओढ्यावर घसरली होती. धापा टाकत म्हणाली, "जाईल आपोआप."

हिरूने सूर मधेच सोडला, मला जमिनीवर ठेवले. असे त्याने कधी केले नव्हते.

"चल पुष्पा, मी येतो बरोबर."

मित्रांनो, मला मुळीच वाईट वाटले नाही. सूर सुटला तर पुन्हा धरता येतो. पण दम लागला, श्वास घेताना छाती दुखली, तर दवाखान्याची वाट उद्यावर ढकलू नका.