एकट्याचा पगार

पगाराच्या दिवशी आमचे हे जिना चढताना मोठ्याने खाकरतात. स्वारी आली आहे, चहा टाका, असा त्याचा अर्थ. त्या संध्याकाळी जिन्यावर पावलं वाजली, पण खाकरणं काही ऐकू आलं नाही. मी आधण ठेवून बसले होते. त्यात घातलेली साखर परत काढता आली असती तर काढली असती.

हे कापड रंगवायच्या कारखान्यात बॉयलरवर आहेत. यांच्या बॉयलरची वाफ नसेल तर रंगाचे हौद तापत नाहीत, आणि हौद तापले नाहीत तर अख्खा कारखाना हात चोळत बसतो. म्हणजे मान मोठा, पगार सगळ्यांसारखाच. मालकाने सांगितलं, पैसे अडकलेत, पुढच्या आठवड्यात बघू. पुढच्या आठवड्यात त्याने कोळसाच आणला नाही आणि बॉयलर थंड पडला. "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" असं हे म्हणाले. मी म्हटलं, मालकाच्या बायकोला विचारून या, तिच्या पोहऱ्यात येतंय का ते.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. आमचं अंथरूण एवढं आखूड झालं की पाय पोटाशी घेतले तरी गुडघे उघडेच. तेलाची बाटली मी वर ठेवून दिली आणि तव्यावर तेलाचं फडकं फिरवू लागले. भाताला उकळी आली की गॅस बंद करायचा आणि पातेलं जुन्या पांघरुणात गुंडाळून ठेवायचं, आतल्या आत शिजतो. साबणाच्या चिपा एकमेकींवर दाबून नवा साबण केला. भिंगरीला तो रंगीत साबण इतका आवडला की मैत्रिणींना दाखवायला शाळेत घेऊन गेली. भिंगरी म्हणजे आमची मुलगी. तिसरीत आहे आणि एका जागी टिकत नाही, म्हणून हे नाव. खोटं कशाला बोलू, मला या कामात थोडी मजाही येत होती. घासाघीस हा माझा हातखंडा आहे. भाजीवाल्यापुढे पिशवी रिकामी करून चालायला लागले की तो मागून हाक मारतोच.

पण सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. दूध बंद केलं, भाडं थकलं, वाणी माझ्याकडे न बघता दुसऱ्याच गिऱ्हाइकाशी बोलायला लागला. शेजारच्या शिलाईवाल्या वहिनी मात्र न मागता पीठ घेऊन आल्या. त्यांचा नवराही त्याच कारखान्यात, रंगखात्यात. त्यांच्याकडेही पगार नव्हता, फक्त शिलाईचं मशीन होतं. मी नको-नको म्हणायला लागले तेव्हा त्यांनी डबा माझ्या ओट्यावर आपटला.

"तुमची पोर उपाशी झोपली तर माझ्या दोघांना घास जाईल का? गप ठेवून घ्या."

मला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला.

सकाळी दात घासता घासता सगळी गल्ली कारखान्याच्या धुरांड्याकडे बघायची. एरवी त्याच धुराने वाळत घातलेले कपडे काळे होतात म्हणून आम्ही मालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत असू. आता तोच धूर दिसावा म्हणून बायका गॅलरीत ताटकळत उभ्या राहत. धुरांडं गार पडलेलं, त्याच्या तोंडावर कावळे बसलेले.

मग एका संध्याकाळी हे खाकरत जिना चढले. हातात पाकीट होतं आणि पाकिटात पूर्ण पगार. मी नोटा देवापुढे ठेवायलाही थांबले नाही, पिशवी उचलून निघाले. वाण्याच्या पुढ्यात पैसे टाकले तेव्हा त्याला माझं तोंड पुन्हा ओळखता यायला लागलं. अंडी घेतली, दूध घेतलं, तेल घेतलं. वहिनींचा डबा पिठाने भरून परत द्यायला गेले तर त्या दारातच थबकल्या.

"तुमचा झाला पगार? आमच्या ह्यांना तर काहीच नाही मिळालं."

"होईल हो. एकेकाचा करत असतील," मी म्हटलं. पण तसं नसणार, हे मलाही कळत होतं. मालक माणूस एकट्याला पैसे देतो तेव्हा ते कशासाठी देतो, हे काही गूढ नसतं.

जेवताना भिंगरीची बडबड चालू होती. उद्या वर्गात गाण्याची पाळी तिची होती. हे ताटातलं अंडं नुसतं इकडून तिकडे सरकवत होते.

"उद्या तिला शाळेत पाठवू नकोस," ते म्हणाले.

"का बरं?"

"असंच. पोरीला जरा आराम."

"तिला काय शाळेत पोती उचलायची असतात?"

हे पुन्हा अंडं सरकवायला लागले, आणि माझा हात भातात तसाच राहिला. शाळेची मागची भिंत आणि बॉयलरखोलीची भिंत एकच आहे. त्या भिंतीला लागून तिसरीचा वर्ग आहे.

भिंगरीला मी अंथरुणावर पाठवलं आणि यांच्यासमोर येऊन बसले. आधी यांनी उडवाउडवी केली. मग सगळं सांगितलं. मालकाला मोठी ऑर्डर मिळाली होती. माल वेळेत गेला तर सगळ्यांचे पगार, नाही तर कारखान्याला कायमचं कुलूप. पण बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह खराब. प्रेशर चढायच्या आधीच वाफ सोडून देतो. होते ते पैसे कोळशात आणि यांच्या पगारात गेले, नवा आणायला उरले नाहीत, उधार कोणी देत नाही. म्हणून मालकाने फिटरकडून तो पाचर मारून बसवून टाकला होता. आता जास्तीची वाफ बाहेर येणारच नव्हती.

"म्हणजे कुकरची शिट्टी बांधून टाकायची आणि गॅस मोठा करायचा," मी म्हटलं.

"फुटेलच असं नाही."

"मग पोरीला घरी का ठेवायचं?"

यांनी उष्ट्या ताटाकडे बघितलं. "मी नाही म्हटलं असतं तर त्याने दुसऱ्याला उभं केलं असतं. त्या दुसऱ्याला प्रेशरचा काटाही धड वाचता येत नाही. मी निदान काट्यावरून नजर हलवणार नाही."

"आणि वहिनींची पोरं? तीही त्याच शाळेत बसतात."

"कोणाला काही बोलायचं नाही. शब्द दिलाय मी. आणि पैसे तू खर्च केलेस."

हे मला झोंबलं. खरं होतं म्हणून जास्तच झोंबलं. आमची तोंडं बंद करायला माझी एक पिशवी पुरली होती. मी भांडले, हातापाया पडले, पुन्हा भांडले. हे भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मला जाग आली तेव्हा यांची जागा रिकामी होती.

सकाळी गल्लीत एकच कालवा. "धूर आला! धूर आला!" लोक गॅलरीतून एकमेकांना हाका मारत होते. कोणीतरी थाळी वाजवली. धुरांड्यातून बारीकसा धूर निघत होता. इतका बारीक की मला वाटलं, आत्ताच पेटवलाय, अजून वेळ आहे. आणि माझ्या डोक्यात एक युक्ती शिरली. माझा नवरा बोलण्याला बधत नाही, डोळ्यांपुढे ठेवलं की बधतो. पोर भिंतीपलीकडे बसली आहे हे कळलं की तो माणूस आग विझवल्याशिवाय राहणार नाही. मग मालक काही का करेना. आग विझली की विषय संपला.

मी भिंगरीची वेणी घातली. जिन्यात वहिनी भेटल्या. आज त्या मनापासून हसत होत्या.

"शाळेतच निघालात ना? माझ्या दोघांनाही न्या की. एका गिऱ्हाइकाचं झबलं राहिलंय."

माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. पण मी त्या दोघांचे हात धरले. एकीला बघून विझवेल तर तिघांना बघून धावतच विझवेल, असा हिशेब मी केला. तिघांना आपापल्या वर्गात सोडलं. भिंगरी मागच्या बाकावर, भिंतीला पाठ टेकून बसली आणि गाण्याचे शब्द पुटपुटायला लागली.

तशीच मी कारखान्याच्या मागच्या बोळात गेले. बॉयलरखोलीची जाळीची खिडकी बोळात उघडते. आतून गरम हवेचा झोत तोंडावर आला. हे पाठमोरे होते, भट्टीतून लांब आकड्याने निखारे बाहेर ओढत होते. शर्ट अंगाला चिकटला होता.

"अहो! इकडे बघा!" मी ओरडले. "शाळेत बसवून आलेय तिला. वहिनींच्या दोघांनाही. आता ठेवा पेटता!"

हे वळले. माझ्या नवऱ्याचा असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. बाप मेला तेव्हाही नाही.

"काय केलंस?" ते म्हणाले. "गार पडलेला बॉयलर असा तासाभरात तापत नाही गं. पहाटेच्या आधीपासून पेटवलाय. काटा कधीच लाल रेघेच्या पुढे गेला. कधीचा विझवतोय मी. आग काढली तरी भट्टीच्या विटा लाल आहेत, काटा खाली येत नाहीये."

"मग ती पाचर काढा!"

"फिटर पळाला. मीच चढतो वर." त्यांनी आकडा टाकला आणि शिडीला हात घातला. शिडी तापली होती, तळहात मागे घेऊन त्यांनी बाहीत गुंडाळला. "इथे उभी राहू नकोस. जा. पळ!"

"आणि तुम्ही?"

"पोरांना काढ आधी!"

मी धावले. चप्पल एक कुठे गेली कळलं नाही. मागे भिंतीच्या आतून घरघर ऐकू येत होती, आणि पुढे शाळेतून एकटीचं बारीक गाणं. गेट लावून घेतलं होतं. पहारेकरी काका स्टुलावरून सावकाश उठले. मधेच मूल घरी न्यायचं तर त्यांना नाव आणि वर्ग सांगावा लागतो.

"काय झालं, बाई? कोणाला बोलावू? वर्ग सांगा."

"सगळे," मी गज धरून किंचाळले. "सगळे वर्ग!"