माझ्या पोटातून गेलेली गुणपत्रिका

मित्रांनो, मी एक जुने लॅमिनेशनचे मशीन आहे. कागदाला प्लास्टिकचे चिलखत चढवणे हा माझा धंदा. कॉलेजकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक झेरॉक्सचे दुकान आहे, तिथे काउंटरच्या डाव्या टोकाला माझी जागा. शेजारी झेरॉक्स मशीन बसते. त्याचा तोरा काही विचारू नका! दिवसभर त्याच्यापुढे रांग असते आणि माझ्या डोक्यावर लोक खुशाल हेल्मेट ठेवतात.

नेहमीच असे नव्हते. कारखान्यात माझ्या पोटात दोन रबरी रोलर बसवले, ते तापवायची सोय केली आणि तोंडाशी एक लाल, एक हिरवा दिवा लावला. लाल म्हणजे थांबा, हिरवा म्हणजे द्या कागद. दुकानदाराने मला आणले तेव्हा मला पुसायला वेगळे फडके होते. "यातून गेलेला कागद नातवंडं बघतील," असे तो गिऱ्हाइकांना छातीठोकपणे सांगायचा आणि मला अगदी धन्य वाटायचे. ओळखपत्रे, दवाखान्याचे दरपत्रक, एका लहान मुलीने काढलेले पाच पायांचे मांजर, सगळे माझ्यातून गुळगुळीत होऊन बाहेर पडले. पुढे सगळे कागद मोबाइलमध्ये राहू लागले आणि माझ्यावर धूळ बसली. म्हणूनच त्या दिवशी एक माणूस थेट माझ्यासमोर येऊन उभा राहिला, तेव्हा मला फार आनंद झाला.

तो घरांना रंग देणारा पेंटर होता. नखांत पांढरा रंग, कोपरावर निळा, कानाच्या पाळीवरही एक ठिपका. कागद त्याने स्वच्छ रुमालात गुंडाळून आणला होता.

"काय पेंटर, आज दुकान रंगवायला आलात की काय?" दुकानदाराने विचारले.

"मस्करी नको, मालक. पोरीची गुणपत्रिका आहे. सगळ्यांत पुढे आहे ती." तो हसला, पण कागद काही सोडेना. "माझ्या हाताचं काही खरं नाही बघा. तिच्या शाळेच्या दाखल्यावर माझाच अंगठा उठलाय, हिरवागार. आता हा कागद कॉलेजात दाखवायचाय. डाग नको पडायला."

मुलगी उत्पन्नाचा दाखला आणायला गेली होती. ती यायच्या आत कागद चकचकीत करून तिच्या हातात ठेवायचा, असा त्याचा बेत होता. नव्या विद्यार्थ्यांसाठी कॉलेजचे एक अनुदान होते. पंच्याऐंशी टक्क्यांच्या वर गुण असतील तर अर्ज करता येई आणि मिळाले तर पूर्ण फी माफ होई. ते नसेल तर कॉलेज परवडणारे नव्हते. पोरगी त्याच्या कामाच्या रिकाम्या घरांत, ओल्या भिंतींपासून अंग चोरून, रंगाच्या उपड्या डब्यावर बसून शिकली होती. हे सगळे तो माझा दिवा हिरवा होईपर्यंत सांगत होता.

हिरवा दिवा लागला. मी कागद आत घेतला. इतके मन लावून मी बऱ्याच दिवसांत काम केले नव्हते. एक बुडबुडा नाही, एक सुरकुती नाही. पेंटरने ती गुणपत्रिका उजेडात धरून पाहिली आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

दुसऱ्या दिवशी दोघे आले, तेव्हा पेंटरच्या चेहऱ्यावर रंगच नव्हता. मुलगी पुढे झाली.

"काका, हे उघडता येईल का हो?"

कोणी एकाच गुणपत्रिकेवर दोन अनुदाने घेऊ नयेत, म्हणून कॉलेज मूळ प्रतीच्या मागे शिक्का मारते. प्लास्टिकवर तो कसा बसणार? कचेरीतल्या बाईंनी अर्ज परत दिला होता. बोर्डाकडून दुसरी प्रत मिळायला महिना तरी लागला असता, आणि अर्जाची मुदत त्याच संध्याकाळी संपत होती.

"बाई उगाच अडवतायत," दुकानदार म्हणाला. त्याने आपला दुकानाचा शिक्का शाईत बुडवून प्लास्टिकवर दाबला. छान उमटला. पेंटरने हळूच अंगठा फिरवला, तर अख्खा शिक्का अंगठ्यावर आला.

मग दुकानदाराने मला तापवले आणि कागदाची एक कड माझ्यातून काढून नखाने सोलू लागला. प्लास्टिक निघाले, पण त्याला चिकटून छापील अक्षरेही निघाली. मित्रांनो, मी इतके पक्के चिकटवले होते, की मलाच ते सोडवता येईना.

"थांबा काका!" मुलगी ओरडली. "गुण जातील."

तिने कागद ओढून घेतला आणि सुटलेली कड बोटाने दाबून बसवली. पेंटर म्हणाला, "बोल ना काहीतरी. शिव्या तरी दे मला."

"काय बोलू बाबा? नियमात लिहिलं होतं, लॅमिनेट केलेलं चालत नाही. मी वाचलं होतं. तुम्ही विचारलं असतं तर..."

अनुदान गेले. यंदा दुसरीकडे नाव घालावे, तर पुढच्या वर्षी ती 'नवीन विद्यार्थी' उरणार नव्हती. म्हणून ती वर्षभर घरी थांबली. घरी म्हणजे नावालाच. रोज सकाळी दुकानावरून बापाबरोबर भिंती खरवडायला जायची. तिच्या वर्गातल्या मुली समोरच्या फुटपाथवरून कॉलेजात जात, तेव्हा ती चपलेचा पट्टा नीट करायला खाली वाकायची. मला ते बघवत नसे. पुढच्या वर्षी अनुदान राहील की नाही, गुणांची अट वाढेल की काय, कोणालाच ठाऊक नव्हते.

काल ती झेरॉक्स काढायला दुकानात आली. नवे अर्ज निघाले आहेत आणि अट अजून तरी तीच आहे. दुसरी प्रत तिने साध्या पिशवीत आणली होती. पेंटर मात्र दाराबाहेरच, हात पाठीमागे बांधून उभा होता.

"बाबा, आत या. हे धरा जरा, मला पैसे काढायचेत."

"नको गं. कुठंतरी ठेव ना."

"धरा म्हणते ना!"

त्याने हात पँटला पुसले, पुन्हा पुसले आणि दोन बोटांनी कागद धरला. तरी कोपऱ्यावर पिवळा ठिपका उठलाच. तो बिचारा जागच्या जागी गोठला. मुलीने ठिपका पाहिला, कागद उलटा करून मागची कोरी बाजू पाहिली.

"राहू दे बाबा. शिक्क्याला जागा आहे."

दोघे कॉलेजच्या दिशेने गेले. अजून काही कळलेले नाही. दर वेळी दार वाजले की मी तिकडे कान लावते.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण कोणाची वस्तू माझ्याकडे आणाल, तेव्हा आधी त्याला विचारून या. माझा हिरवा दिवा फक्त मी तापले आहे एवढेच सांगतो.