पंचवीस शब्दांची यादी

मी एक जुना हेडफोन आहे, मित्रांनो. गाणी ऐकायचा नाही हं! ती रंगीत, नाजूक मंडळी वेगळी. मी कान तपासायच्या दवाखान्यातला, जाडजूड, काळ्या गाद्यांचा. आता माझी डावी गादी फाटली आहे आणि वायरला चिकटपट्टी लावली आहे. पण एके काळी मला डोक्यावर घेतल्याशिवाय आसपासच्या कुठल्याही कारखान्यात कुणाला कामावर राहता येत नसे.

मला जिथे बनवलं, तिथे एका बाईंनी माझ्या वायरी जोडल्या, दहादा आवाज मोजून पाहिला आणि मगच खोक्यात घातलं. तिथून आलो तो थेट या खोलीत. जाड भिंती, एक खुर्ची, समोर काचेची खिडकी आणि खिडकीपलीकडे तपासणाऱ्या मॅडम. आधी माझ्यातून बारीक-मोठ्या शिट्ट्या वाजायच्या. शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. त्याचा आलेख निघे. मग मॅडम पंचवीस शब्दांची यादी वाचायच्या. ओठांवरून कुणी ओळखू नये म्हणून तोंडापुढे पुठ्ठा धरायच्या. ऐकणाऱ्याने तोच शब्द परत म्हणायचा. किती बरोबर आले त्यावरून, या माणसाला बोललेलं किती कळेल, याचा अंदाज बांधायचा. कारण ऐकू येणं निराळं आणि कळणं निराळं.

"आमचा अंदाज सहसा चुकत नाही," असं आमच्या दवाखान्यातले डॉक्टर येणाऱ्या लोकांना सांगायचे. मी आपला खुंटीवर लटकून फुगत असे. आता आठवलं तरी लाज वाटते.

पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यातले कामगार दर वर्षी तपासणीला येत. त्यांत एक काका होते. दिवसभर पत्रा ठोकणाऱ्या यंत्राशेजारी उभं राहायचं, हे त्यांचं काम. मला चढवताना ते दर वेळी म्हणायचे, "ये बाबा, बस. घरी पोरगी डोक्यावर बसते, इथे तू!" ती पोरगी बाहेर बाकावर, वही मांडीवर घेऊन बसलेली असायची. आई नव्हती तिला. बापलेकीचा सगळा संसार काकांच्या त्या एका नोकरीवर चालायचा.

पाचव्या वर्षी काकांचा आलेख घसरला. मी जीव खाऊन बारीक शिट्ट्या वाजवत होतो आणि काका बटणावर अंगठा ठेवून स्वस्थ बसले होते. असा आलेख असला की निम्मे शब्दही कळणं मुश्कील. मॅडम चिंतेत पडल्या. त्यांनी पुठ्ठा धरला, यादी वाचायला घेतली. आणि काय सांगू! काका एकेक शब्द धडाधड बरोबर म्हणू लागले. त्यांच्या कानशिलांचा घाम माझ्या गाद्यांत मुरत होता.

तेराव्या शब्दाआधी मॅडमना ठसका लागला. त्या तोंड फिरवून खोकत होत्या. माझ्यातून कसलाही शब्द गेला नव्हता, शपथेवर सांगतो. तरी काका म्हणाले, "खिडकी."

तेरावा शब्द खिडकीच होता.

मॅडमनी पुठ्ठा खाली घेतला. काचेतून दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. काकांना आपली चूक कळली. त्यांनी हात जोडले.

यादी दर वर्षी तीच असे, क्रमही तोच. शंका आली तर वापरायला दुसरी यादी खणात होती, पण ती काढायची म्हणजे पुन्हा पहिल्यापासून तपासणी. बाहेर तीस माणसं खोळंबली होती. मॅडमनी खणाकडे पाहिलं, जोडलेल्या हातांकडे पाहिलं आणि कागदावर लिहिलं, पंचवीसपैकी चोवीस. डॉक्टरांनी 'कामास योग्य' असा शिक्का मारला. मला ओरडावंसं वाटलं, पण माझ्यातून दुसऱ्याचाच आवाज निघतो. माझा स्वतःचा आवाज मला कुणी दिलाच नाही.

चार महिन्यांनी ती मुलगी एकटीच आली. मॅडम मला पुसत होत्या.

"बाबा गेले," ती म्हणाली. "माल उचलायची गाडी मागं येत होती. सगळे ओरडले, बाजूला व्हा, बाजूला व्हा! त्यांना ओरडणं ऐकू आलं हो. पण काय म्हणतायत ते कळेना. म्हणून ते ओरडणाऱ्याच्या तोंडाकडे बघत उभे राहिले."

मग मुलीने मान खाली घालून म्हणायला सुरुवात केली, "दोरी, माती, पाऊल, सकाळ..." पंचवीसच्या पंचवीस, क्रमाने, एकही न चुकता. "दार पुरतं लागत नाही तुमचं. बाहेर ऐकू येतं सगळं. मी वहीत उतरवून घेतले आणि घरी रोज म्हणून घेतले त्यांच्याकडून. नोकरी जाईल म्हणून रडायचे ते. मीच मारलं त्यांना."

"नाही गं," मॅडम म्हणाल्या. "मला कळलं होतं. त्याच दिवशी कळलं होतं मला."

मॅडमनी मला खुंटीवर अडकवलं आणि तिला बाकावर आपल्याशेजारी बसवलं.

पुढे नवा संच आला आणि मी कपाटावर गेलो. त्याचं मला दुःख नाही. एवढंच सांगायचं आहे, मित्रांनो. तुमच्या घरात कुणी सगळ्याला "हो, हो" म्हणून मान डोलवत असेल, तर "ऐकू आलं का?" असं विचारू नका. तो हो म्हणेलच. "मी काय म्हणालो, सांगा बरं," असं विचारा. सांगता आलं नाही तर रागावू नका, हसू तर मुळीच नका. जवळ बसा आणि कशाची भीती वाटते ते विचारा. काकांना ते आम्ही कुणीच विचारलं नाही. आम्ही फक्त शब्द मोजले.