वर्कशॉपचा ओव्हन आणि अप्पांचं हसू

गुंडप्पाकाकांच्या मौतीत काशप्पा चारचौघांत हसले आणि माती देऊन परत येईपर्यंत हसतच राहिले. पुढं बीदरला, काशप्पांच्या नौबादच्या घरात असं ठरलं की हे घडलंच न्हाई. त्यामुळं जे घडलंच नाही ते कसं घडलं, एवढंच सांगायचं राहतं.

सुरुवात ओव्हनपासून. काशप्पांची लेक, म्हणजे संगमेशची थोरली बहीण शिवलीला, हैदराबादहून बदलीवर निघाली, तेव्हा तिनं हा ओव्हन आईच्या गळ्यात मारला. पार्वतम्मांनी त्यात कधी एक बिस्कीटसुद्धा भाजलं नाही. त्यांच्या लेखी ते काचेच्या दाराचं कपाट होतं. जागा जरा कमी, पण दिसायला भारी. हरवू नये असं जे जे असेल ते ओव्हनमध्ये जायचं. गॅसचं पुस्तक, किल्ल्या, विभूतीच्या वड्या, आणि दुपारी काशप्पा लवंडले की त्यांचे दात, स्टीलच्या डबीत. काशप्पांचा पहिला संच खिडकीतून माकडानं नेला होता. ते माकड पुढं बरेच दिवस समोरच्या टाकीवर बसून काशप्पांना दात दाखवायचं. कुणाचे, ते एवढ्या लांबून कळत नव्हतं.

संगमेशनं मेकॅनिकलचा डिप्लोमा केला होता आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडला तो वर्कशॉप म्हणायचा. बाकी सगळे शेडच म्हणायचे. त्याला पावडर कोटिंग करायचं होतं. लोखंडावर रंगाची पूड उडवायची आणि भट्टीत भाजायची, की रंग वितळून असा बसतो की नखानं सुटत नाही. पण भट्टी खोलीएवढी असते आणि त्याची खोली भट्टीपेक्षा लहान होती. म्हणून त्यानं ओव्हन उचलून शेडमध्ये नेला, आतलं सामान आईच्या ओट्यावर मांडलं आणि स्वच्छ शब्दांत सांगितलं.

“अव्वा, ह्यात मी आता रंग भाजणार. ह्याच्या म्होरं ह्यात खायचं काहीबी करायचं न्हाई. वाफ वाईट असती.”

“कवा केलंय रे मी?”

“आन् काही ठिवायचं बी न्हाई. हा आता ओव्हन हाय.”

“मंग इतके दिवस काय व्हता?”

“तिजोरी.”

“व्हय की,” पार्वतम्मा म्हणाल्या. त्यांना पटलं. पण ओव्हन शेडमध्ये गेला तशी त्यांची सवयही पायात चपला घालून शेडमध्ये जायला लागली. हे संगमेशला ठाऊक नव्हतं.

पहिलं गिऱ्हाईक गुंडप्पाकाका. काका म्हणजे काशप्पांचे शाळेपासूनचे सोबती, गुलबर्ग्यात तुरीचे अडते. त्यांनी आपल्या सायकलची घंटी आणून दिली आणि म्हणाले, पोपटी कर, गावानं बघितलं पाहिजे. तुरीचा धंदा त्यांचा पोटापुरता. खरा धंदा एकच, काशप्पांना हसवायचं. काशप्पांचा जन्म एका सरकारी काउंटरमागं गेला होता. हसलं की लोकांना आपलं काम झालं असं वाटतं, म्हणून ते हसत नसत. रिटायर झाले त्या दिवशी गुंडप्पा लग्नाचा बँड घेऊन ऑफिसच्या दारात आले. काशप्पांनी बँडवाल्यांना परवानगीचा कागद मागितला.

“हस की बे काश्या एकदा, फुकट हाय!”

“बघू,” काशप्पा म्हणायचे.

घंटी द्यायला आले तेव्हाही चहा पिता पिता गुंडप्पा म्हणाले, “माझ्या मौतीत चार शब्द तूच बोलायचं. दुसरं कोण बोललं तर उठून बसतो बघ.”

“तू बसलेलाच आसशील की,” काशप्पा म्हणाले. लिंगायतांत मयताला आडवं करत नाहीत, भिंतीला टेकवून बसवतात. गुंडप्पा खोखो हसले. काशप्पांनी बशी उचलून ठेवली.

तर एका दुपारी संगमेशनं घंटीच्या टोपीवर पोपटी पूड मारली, ती जाळीवर ठेवली आणि ओव्हन दोनशेवर लावला. आतला बल्ब गेलेला. थोड्या वेळानं रंगाचा वास यायला हवा होता, तर दातांच्या दवाखान्याचा आला. त्याच वेळी घरात फोन वाजला आणि पार्वतम्मांचा आवाज फुटला. गुंडप्पा जेवून उठले, हात धुताना गेले. माती उद्या सकाळी.

संगमेशनं दार उघडलं. घंटी सुंदर झाली होती. तिच्यामागं, पार कोपऱ्यात, स्टीलची डबी होती.

ती त्यानं फडक्यानं धरून बाहेर काढली. दात शाबूत होते. पण त्यांची गुलाबी हिरडी मऊ पडून डबीच्या गोलाईत सैलावली होती आणि दोन्ही टोकांनी वर गेली होती. दात हसत होते. गालातल्या गालात नाही, चांगले पोटभर.

“अव्वा, हिथं कामून ठिवलीस?”

“हरवू न्हाई म्हणून.” पार्वतम्मांनी डोळे पुसत डबीत बघितलं. “हरवले न्हाईत की.”

बीदरचा दातांचा डॉक्टर तरुण होता. त्यानं संच उलटसुलट केला, नवा करायला आठवडा लागेल म्हणाला, आणि सहज म्हणून तो काशप्पांच्या तोंडात बसवून बघितला.

“पूर्वी सैल व्हते का वो?”

काशप्पांनी मान हलवली.

“आता घट्ट बसलेत. फिटिंग एक नंबर.”

काशप्पांनी आरशात बघितलं. आरशातला माणूस त्यांना बघून फार खूष झाला होता. त्यांनी ओठ मिटायचा प्रयत्न केला. ओठ मिटले नाहीत. त्यांनी दात काढले आणि बोलून बघितलं, “फुंडप्फा माझा फोफती.”

डॉक्टर खिडकीबाहेर बघायला लागला.

घरी आल्यावर काशप्पा ओट्यापाशी उभे राहिले. “दात न्हाई घातले तर बोलता येईना. घातले तर...” त्यांनी आपल्या तोंडाकडं बोट केलं. “मी रडायला जायलोय संगू. वऱ्हाडात न्हाई.”

“तोंडाला उपरणं लावा अप्पा.”

“उपरण्यातनं काय चार शब्द बोलू? चोर हाय का मी?”

संगमेशनं दात गरम पाण्यात घालून दाबून बघितले. पुन्हा ओव्हनमध्ये घालून सरळ करावेत, असंही त्याच्या मनात आलं. आईनं त्याच्याकडं बघितल्यावर ते मनातून गेलं.

सकाळच्या बसमध्ये काशप्पा दात घालून बसले. हुमनाबादपर्यंत अख्खी बस त्यांच्याकडं बघून हसत होती. कंडक्टरनं आयुष्यात पहिल्यांदा कुणाला “बसा अण्णा, आरामात बसा” म्हटलं. एका बाईनं आपलं रडतं लेकरू त्यांच्या मांडीवर दिलं. ते गप झालं. काशप्पांच्या डोळ्यांतलं पाणी गालावरनं खाली यायचं, हसण्याच्या कोपऱ्यात अडकायचं आणि पुन्हा वर जायला बघायचं. हे फक्त संगमेशला दिसत होतं. बाकीच्यांना वाटलं, म्हातारा हसून हसून रडायलाय.

गुलबर्ग्यात दारापुढं मांडव होता, भजन चाललं होतं. गुंडप्पाकाका भिंतीला टेकून बसले होते, कपाळभर विभूती, गळ्यात झेंडूचे हार, चेहरा कमालीचा गंभीर. जन्मात ते एवढे गंभीर कधी दिसले नव्हते. त्यांच्यासमोर काशप्पा उभे राहिले, बत्तीसच्या बत्तीस दाखवत. भजन एका ओळीवर अडखळलं. कुणीतरी कुणाला कोपरानं ढोसलं. “बघा की, मौतीत कसा हसायलाय.”

“गुंडप्पा माझा सोबती,” काशप्पा म्हणाले. शब्द अगदी स्पष्ट आले. “त्याच्यावाचून मला आता...” पुढं आवाज फुटला. फुटलेला आवाज त्या तोंडातून खिदळल्यासारखा बाहेर पडला. संगमेशला वाटलं, आपण मधे पडून ओरडावं, लोकहो, हे रडायलेत, ओव्हनचं झालंय. पण मौतीत ओव्हन कुठून सुरू करायचा, ते त्याला कळेना.

तेवढ्यात दानम्माकाकू, गुंडप्पांची बायको, बायकांतून उठल्या. काशप्पांच्या तोंडाकडं त्यांनी टक लावून बघितलं. मग नवऱ्यापुढं वाकून त्यांचा हार सारखा केला.

“बघा वो,” त्या म्हणाल्या. “हसला तुमचा काश्या. लावलं का न्हाई शेवटी तुमी हसायला?” आणि त्या स्वतःच हसल्या आणि हसता हसता त्यांना पहिल्यांदा मोठ्यानं रडू आलं. काशप्पांचा हात धरून म्हणाल्या, “ह्यांच्यासाठी लई केलंत अण्णा.”

आता काय सांगणार? काशप्पांनी मान हलवली. मातीवरनं हात धुऊन परत येईपर्यंत ते हसले. संगमेशनं निघताना घंटी काकूंच्या हातात दिली. त्यांनी ती वाजवून बघितली. थप. रंग नखानं सुटत नव्हता, पण आवाज सुटला होता.

परतल्यावर काशप्पांनी दात काढून डबीत ठेवले. डबी पार्वतम्मांनी उचलली, दोन पावलं शेडकडं गेल्या, मागं फिरल्या आणि हातातच धरून बसल्या. घरात हे घडलंच न्हाई असं तिथंच ठरलं. नवे दात आठवड्यानं आले. सरळ, सरकारी.

ते घालून काशप्पा शेडमध्ये आले. ओव्हनच्या काचेत तोंड बघितलं. त्यांना आता रडता येत होतं, पण रडायचं कुणापुढं?

“लिही,” ते संगमेशला म्हणाले. “अर्ज हाय.”

“कुठल्या ऑफिसला, अप्पा?”

“ते म्हाईत न्हाई. ‘योग्य मार्गाने’ लिही.”

त्यांनी तो ऑफिसच्या कन्नडात सांगितला, न थांबता. मराठीत तो असा होतो:

मा. संबंधित अधिकारी यांचे सेवेशी, योग्य मार्गाने. अर्जदार काशप्पा, राहणार नौबाद, बीदर, सविनय कळवितो की, मयत गुंडप्पा, राहणार गुलबर्गा, यांचे अंत्यदर्शनावेळी अर्जदार हसत असल्याचे उपस्थितांचे निदर्शनास आले. सदर हसू अर्जदाराचे नसून ओव्हनचे होते. सबब विनंती की, सदर मयतास केवळ अर्धा तास पूर्ववत भिंतीला टेकवून बसविण्यात यावे, म्हणजे अर्जदारास त्यांच्यासमोर योग्य त्या तोंडाने उभे राहता येईल. त्या वेळी मयताने अर्जदारास हसविण्याचा प्रयत्न केल्यास अर्जदाराची हरकत असणार नाही.