मागची दोन चाकं

चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या त्या माणसाला घरात सगळे बारक्या म्हणत. चाळिशी उलटली, कपाळ मागे मागे सरकत गेलं, तरी थोरल्या भावापुढे तो बारक्याच राहिला. त्याला वेड एकच, गाडीचं. सुट्टीच्या दिवशी सकाळी तो वस्तीबाहेरच्या ट्रॅकवर जाई आणि आपल्यासारख्याच हौशी मंडळींबरोबर गाडी पळवून येई. त्यासाठी त्याने गाडीच्या चारही चाकांना धक्के झेलणारे वेगळे शॉकॲब्सॉर्बर बसवून घेतले होते. प्रत्येकाच्या डोक्यावर एक गोल कळ. एका बाजूला फिरवली की गाडी कडक होते, वळणावर कलत नाही. दुसऱ्या बाजूला फिरवली की नरम होते आणि खड्डा आला तरी पोटात घालते. ट्रॅकसाठी कडक, रस्त्यासाठी नरम. बसवणाऱ्या मेकॅनिकने बजावलं होतं, घरी निघताना चारही कळा फिरवायच्या, आळस करायचा नाही.

पुढच्या दोन कळा बोनेट उघडलं की हाताशीच येत. मागच्या दोन मात्र डिकीच्या अस्तराआड होत्या. सामान बाहेर काढा, अस्तर सोडवा, आत वाकून चाचपडा. हात कोपरापर्यंत काळे होत.

अशातच दोघा भावांच्या आईच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. ते नीट पार पडलं. घरी सोडायचं ठरलं तेव्हा डॉक्टर एवढंच म्हणाले की धक्का बसू देऊ नका. थोरल्याने आपल्या एका मित्राची मोठी व्हॅन सांगून ठेवली होती, तिच्यात गादी घालता आली असती. पण बारक्या ऐकेना. माझी गाडी असताना लोकांच्या दारात कशाला जायचं, आईला पाळण्यात बसल्यासारखं वाटेल, असं त्याने सगळ्यांसमोर छातीठोकपणे सांगितलं. थोरल्याने वाद घातला नाही. व्हॅन नको म्हणून कळवलं.

घरी आणायचा दिवस नेमका सुट्टीचा होता. आईला दुपारी सोडणार होते, तेवढ्यात ट्रॅकवर एक चक्कर होईल असं बारक्याला वाटलं. एकीच्या चार चकरा झाल्या. त्या दिवशी गाडीही अशी पळाली की लोक कौतुकाने भोवती जमले, आणि तो कळा कशा लावल्या ते सांगत बसला. घड्याळाकडे लक्ष गेलं तेव्हा उशीर झाला होता. त्याने घाईघाईने बोनेट उघडून पुढच्या दोन कळा नरम केल्या. डिकी उघडली, अस्तराकडे बघितलं, अंगातल्या धुतलेल्या शर्टाकडे बघितलं आणि डिकी लावून टाकली. एवढ्याशाने काय होतंय, असं मनाशी म्हणाला.

हॉस्पिटलच्या दारात आई मागच्या सीटवर बसली. बसली कसली, उशांना टेकून अर्धवट पडली. तिला धरायला शेजारी वहिनी होती. थोरला घरी पलंगाची व्यवस्था बघत होता.

पहिल्याच गतिरोधकावर पुढची चाकं अलगद चढून उतरली आणि मागून गाडीने टुणकन उडी मारली. बारक्याला आईचा आत ओढलेला श्वास ऐकू आला. त्याने वेग इतका कमी केला की मागची वाहनं हॉर्न वाजवून वाजवून थकली. उपयोग झाला नाही. साधा डांबराचा सांधा आला तरी मागून हिसका बसे. वहिनीने दोनदा सांगितलं, भाऊजी, जरा जपून. तो नुसतं हो हो म्हणाला.

वाटेत एक टायरचं दुकान लागलं. समोर सावली होती, गाडी उभी करायला जागा होती. थांबून डिकी उघडली असती तर थोड्या वेळात काम झालं असतं. त्याने गाडी हळू केली, आरशात बघितलं. आईने ओठ मिटून दारावरचा दांडा घट्ट पकडला होता. पण थांबलो तर वहिनी विचारणार, काय करताय म्हणून. मग सांगावं लागणार, की हे सकाळीच करायचं होतं. त्याने गिअर टाकला आणि गाडी पुढे काढली.

घरी आल्यावर आईला उतरता येईना. दोघा भावांनी तिला खुर्चीत बसवून खुर्चीसकट आत नेलं. संध्याकाळी दुखणं इतकं वाढलं की डॉक्टरांना घरी बोलवावं लागलं. त्यांनी तपासून सांगितलं, टाके शाबूत आहेत, पण स्नायूंना चांगलाच मार बसलाय, आता पडून राहण्याचे दिवस वाढले. कशातून आणलं होतं, असं त्यांनी विचारलं.

बारक्या म्हणाला, "गाडी चांगली आहे, साहेब. रस्ताच फार खराब आहे."

आईने उशीवरून त्याच्याकडे बघितलं. मग डॉक्टरांना म्हणाली, "हो, रस्ताच तसा आहे."

उद्या खरं सांगू म्हणत बारक्याने आठवडा घालवला. आई भिंतीकडे तोंड करून पडून असे. तो औषधं आणून देई आणि दुकानाचं निमित्त करून निघून जाई.

थोरला मात्र सरळ माणूस. त्याला सांगितलं रस्ता खराब, तर त्याने ते खरं धरलं. घराजवळच्या चौकात डांबर घालायचं काम चालू होतं. एका सकाळी तो बारक्याला बरोबर घेऊन तिथे गेला आणि तिथल्या मुकादमाला धारेवर धरलं. आमची आई अंथरुणाला खिळली ती तुमच्या या कारभारामुळे, विचारा माझ्या भावाला, तोच चालवत होता. काम थांबलं. फावडी टेकवून मजूर बघत राहिले.

मुकादम वयस्कर होता. तो हुज्जत घालेल असं बारक्याला वाटलं होतं, किंबहुना त्याने घालावी असंच वाटत होतं. पण त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि बारक्याकडे वळून म्हणाला, "चुकलंच आमचं. आईंना आता कसं आहे?"

बारक्याची मान खाली गेली.

"यांचं काही चुकलं नाही, दादा," तो म्हणाला. "गाडीची मागची बाजू मी ट्रॅकसारखी कडकच ठेवली होती. हात खराब होतील म्हणून. वाटेत थांबून नीट करता आली असती, तेही केलं नाही. वहिनींना कळेल म्हणून."

थोरल्याने दोन मुस्काटात मारल्या असत्या तर बारक्याला बरं वाटलं असतं. पण थोरल्याने मुकादमाला हात जोडले, माफ करा म्हणाला आणि एकटाच घराकडे चालू लागला. मागे मजुरांपैकी कोणीतरी हसलं. मुकादमाने त्याला दटावलं, तेही बारक्याला ऐकू आलं.

घरी येऊन तो आईच्या पलंगाशी बसला आणि सगळं सांगितलं.

"तुमच्या त्या कळा मला काय कळणार," ती म्हणाली. "पण टायरच्या दुकानापाशी तू गाडी हळू केलीस. काहीतरी करायचं राहिलंय, एवढं कळलं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून वाट बघत होते."

तो तिचे पाय चेपायला गेला, तर तिने पाय हळूच पांघरुणात ओढून घेतले. दुखतात म्हणाली.

आई बरी झाली. आधी काठी घेऊन, मग काठीशिवाय हिंडू लागली. थोरला त्याच्याशी बोलतो, पण कामापुरतं. वहिनीने तर तो विषय कधी काढलाच नाही, आणि तेच त्याला जास्त लागतं. ट्रॅकवर तो अजूनही जातो. परतताना सगळ्यात आधी डिकी उघडतो, शर्ट खराब होऊ देतो. लोक विचारतात, एवढी काय घाई, चहा तर घे. तो कारण सांगत नाही.

परवा आईला तिच्या बहिणीकडे जायचं होतं. बारक्या अंगणात किल्ली घेऊन उभाच होता. आईने आतूनच थोरल्याला हाक मारली, सोडतोस का रे मला म्हणून. थोरल्याने त्याची जुनी गाडी दारात आणली. बारक्याने पुढे होऊन दार उघडलं, आईला हात देऊन बसवलं, तिचा पदर दारात सापडू नये म्हणून आत सरकवला.

"जेवून घे तू," आई म्हणाली. "आमची वाट बघू नकोस."

त्याने दार हळूच लावलं.