भातगिरणीतली सहा बटणं

मित्रांनो, माझ्या अंगावर कोंड्याची पूड दिसते म्हणून नाक मुरडू नका. मी कामशेतच्या भातगिरणीतला जुना संगणक आहे आणि ही पूड मी अभिमानाने मिरवतो.

माझी उमेदीची वर्षं खंडाळ्याच्या एका हॉटेलात गेली. नवा संगणक आला, तशी माझी रवानगी जिन्याखाली झाली. तिथून गिरणीमालक बद्रुद्दीनभाईंनी मला उचललं. गिरणीत नंबर लावणाऱ्या रेणुकाताई मोबाईलवर बघून बघून पायथन ही संगणकाची भाषा शिकल्या होत्या. त्यांनी माझ्या पडद्यावर सहा घरांची सहा बटणं केली. बटण दाबलं की त्या घराच्या नावाची चिठ्ठी छापून यायची, ती तांदळाच्या पोत्याला चिकटवायची. इथे प्रत्येकाला आपल्याच शेतातला तांदूळ परत हवा असतो, शेजाऱ्याचा कितीही वासाचा असो.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. कुठलंही बटण दाबा, चिठ्ठी यादीतल्या शेवटच्या नावाची, म्हणजे अंबाजींची! अंबाजी खुशीत होते. एवढं पीक त्यांच्या बापजाद्यांनीही पाहिलं नव्हतं. वडिवळ्याच्या धोंडाबाईंना मात्र हसू आलं नाही. त्यांची लेक बाळंत झाली होती, तिच्या पेजेला घरचाच इंद्रायणी हवा होता. नाव नीट येईपर्यंत भात यंत्रात घालू देणार नाही म्हणून त्या पोत्यावरच बसल्या. भाई म्हणाले, दुपारपर्यंत बघू, नाहीतर पोत्यावर नाव लिहायला आपला जुना खडू बरा आणि हा डबा भंगारात.

रेणुकाताईंनी दुरुस्ती केली. मी सुरू होताच कुणी हात न लावता सहाही चिठ्ठ्या सरसर बाहेर आल्या आणि बटणं मुकी झाली. दाबल्यावर करायचं काम ताईंनी आधीच करवून घेतलं होतं. मी बिचारा, सांगितलं तेवढं केलं.

धोंडाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, “रेणुका, आमी घरनंच पोत्याला चिंधी बांधून आणतो. हितं आल्यावर कुणाचं म्हणून इचारत बसत न्हाई.”

ताई त्यांच्या पोत्याच्या लाल चिंधीकडे बघतच राहिल्या. माझी बटणं दाबल्यावर नाव विचारत होती आणि तोवर यादी संपून शेवटी एकटे अंबाजी उरलेले असायचे. ताईंनी बटण घडवतानाच त्याच्या पदरात त्याचं नाव बांधलं. बदलली ती एकच ओळ.

“मावशी, आता तुम्हीच दाबा,” त्या म्हणाल्या.

चिठ्ठी आली. धोंडाबाईंनी ती अंबाजींकडूनच दोनदा वाचून घेतली, मग पोत्यावरून उठल्या.

त्याला तीन सुग्या झाल्या. एकाही घराचा दाणा माझ्यामुळे दुसरीकडे गेलेला नाही. म्हणून सांगतो मित्रांनो, यंत्र चुकलं तर आधी त्याला काय सांगितलं होतं ते बघा, थपडा मारू नका. आठवड्यातून एकदा माझी धूळही पुसा. फक्त माझ्या मानेला धोंडाबाईंनी बांधलेली लाल चिंधी तेवढी राहू द्या. मी कुठला, ते तिच्यावरून कळतं.